दहिवरातल्या कोरड्या जागा

आधीच सांगते, मी अशातली नाही. या सदरातले अनुभव मी आवडीनं वाचते, पण वाचून झालं की डोक्यात एकच प्रश्न येतो – कुणी मोजलं का? किती वाजले होते, किती अंतर होतं, आणखी कुणी बघितलं? बहुतेकदा उत्तर नसतं. आमच्या घरात या गोष्टींना थाराच नव्हता. आम्ही सोलापुरातले बौद्ध, वडील सूतगिरणीत. नवस, उतारे, अंगात येणं हे सगळं त्यांनी माझ्या जन्माआधीच उंबऱ्याबाहेर ठेवलेलं. गल्लीत कुणाला ‘बाहेरचं झालंय’ असं कानावर आलं की वडील थर्मामीटर घेऊन जायचे आणि ताप निघाला की त्याला दवाखान्यात घालून यायचे. मीही तशीच झाले.

म्हणून हे लिहायला मला दोन वर्षं लागली. यात अमावास्या नाही, पिंपळ नाही, पांढरी साडी नाही. जे झालं ते सकाळी पावणेसात ते साडेआठच्या दरम्यान, लख्ख उजेडात. आणि ते मी मोजलेलं आहे.

माझं काम थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी एका संशोधन प्रकल्पात तांत्रिक सहायक आहे, नोकरीला पंचवीस वर्षं झाली. शेतजमिनीतून हवेत कोणते वायू किती जातात ते आम्ही मोजतो. मातीत खत पडलं आणि ओल मिळाली की तिच्यातले सूक्ष्म जीव कामाला लागतात, आणि कार्बन डायऑक्साईड, नायट्रस ऑक्साईड असे वायू बाहेर पडतात. हवामान तापवणारे वायू म्हणून पेपरात येतं ते हेच. मोजायची पद्धत साधी आहे. मातीत पत्र्याची चौकट ठोकून ठेवायची, तिच्यावर हवाबंद पेटी बसवायची, आणि दर दहा मिनिटांनी पेटीच्या रबरी बुचातून सिरिंजनं आतली हवा ओढून काचेच्या कुपीत भरायची. कुप्या प्रयोगशाळेत जातात, दहा दिवसांनी आकडे येतात. घड्याळ, लेबल आणि वही – या तिन्हीत चूक करायची नाही, एवढंच माझं काम.

जागा सांगोल्यापासून अकरा किलोमीटरवर. गावाचं नाव देत नाही, तिथल्या माणसांना बघ्यांचा त्रास नको. शेतकऱ्याला तानाजीराव म्हणू. वर त्यांची डाळिंबाची बाग, आणि बागेखाली ओढ्यापर्यंत उतरत गेलेलं काळं रान. त्यात पाच-पाच गुंठ्यांचे तीन तुकडे त्यांनी आम्हाला दिले होते. कडेला आमचा हवामानाचा खांब – तापमान, वाऱ्याचा वेग, वाऱ्याची दिशा, सगळं दर दहा मिनिटांनी आपोआप नोंदवणारा. एका तुकड्यात युरिया टाकायचा, दुसऱ्यात मेंढ्या बसवायच्या आणि तिसरा कोरा ठेवायचा.

मेंढ्या बसवणं शहरातल्या वाचकांना माहीत नसेल. धनगर आपला कळप रात्री कुणाच्या तरी मोकळ्या रानात ठेवतो, भोवती जाळीची वाघर लावतो. रात्रभरात लेंड्या आणि मूत मातीत जातं, तेच खत. त्याबद्दल शेतकरी धान्य देतो. हे जुनं खत हवेला युरियापेक्षा बरं की वाईट, हा आमचा प्रश्न होता. पण तीन तुकड्यांत सगळ्यात मोलाचा तुकडा कोरा. त्यात सहा वर्षं काहीही टाकलेलं नव्हतं. बाकी दोघांच्या आकड्यातून त्याचा आकडा वजा करायचा, म्हणजे खतामुळं किती वायू निघाला ते कळतं. कोरा बिघडला की सगळं बिघडलं.

मेंढ्या म्हाकूबांच्या. साठी ओलांडलेला माणूस, साठ-सत्तर मेंढरं, बोलणं कमी. सांगू त्या दिवशी, सांगू त्या जागी वाघर लावायचे, सकाळी काढून जायचे. माझ्या मदतीला तानाजीरावांची बायको शालन असायची. घड्याळ धरून मिनिटं सांगायचं काम तिनं आपणहून घेतलेलं. पहिल्या दिवशी म्हणाली, “ताई, लगीन लावणारा भटजीबी येवडं घड्याळ बघत न्हाय.” पण एक मिनिट कधी इकडचं तिकडं केलं नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला तिन्ही तुकड्यांना तुषार सिंचनानं सारखं पाणी दिलं. बारीक गवत उगवलं. मग तीन रात्री म्हाकूबांच्या मेंढ्या ठरलेल्या तुकड्यात बसल्या, आणि तिन्ही सकाळी नऊ वाजता आम्ही नमुने घेतले. कुप्या गेल्या. दहा दिवसांनी आमच्या सरांचा फोन. सर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, हुशार माणूस. म्हणाले, कोऱ्या तुकड्याचा नायट्रस ऑक्साईड मेंढ्यांच्या तुकड्याइतकाच आलाय, थोडा जास्तच. तुमची लेबलं बदलली.

मी म्हटलं, लेबलं बदलली असती तर मेंढ्यांचा आकडा खाली यायला हवा होता. दोन्ही वर आहेत. सर म्हणाले, मग कोऱ्यात जनावरं शिरली असणार. दुसरं काय?

मलाही दुसरं काही सुचलं नाही. आणि इथं माझ्या हातून चूक झाली.

दुसऱ्या दिवशी मी गावात उतरले, तर म्हाकूबा फाट्यावरच्या चहाच्या टपरीत बसलेले. दहा-बारा माणसं असतील. मी तिथंच उभ्या-उभ्या विचारलं, वाघर पुढं ओढून घेतली होती का, जागा कमी पडली म्हणून कोऱ्यात मेंढ्या घातल्या का, खरं काय ते सांगा. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि नाही म्हणाले. मी म्हटलं, म्हाकूबा, आकडे खोटं बोलत नाहीत.

“आकडं मला कळत न्हायती, बाई,” ते म्हणाले. “पर मेंढरू बसलं की लेंडी ऱ्हाती. लेंडी दावा, मी मान खाली घालतो.”

पंचवीस वर्षं माती बघत आलेली बाई मी, आणि मी लेंडी बघितलीच नव्हती. तीन सकाळी त्या तुकड्यात गुडघे टेकून पेट्या बसवल्या होत्या. गुडघ्याखाली एक लेंडी आली असती तर मला कळलं नसतं का? तशीच रानात गेले. ढेकूळ न् ढेकूळ उलटून बघितलं. एकही नाही. साठ-सत्तर मेंढरांच्या लेंड्या कुणी झाडून काढतो म्हणाला तर त्याला मी झाडू देईन आणि बघत उभी राहीन.

पण टपरीवर पडलेला शब्द मी रानात पोचायच्या आत गावभर गेला होता. तानाजीरावांनी जाहीर केलं, की म्हाकूला आता माझ्या बांधावर उभा करणार नाही. पुढच्या आठवड्यात ज्या दोघांच्या रानात त्यांनी बसायचं ठरलं होतं, त्यांनीही नको म्हणून निरोप धाडला. धनगराचा सगळा व्यवहार शब्दावर चालतो. सांगितलेली जागा सोडून दुसरीकडं मेंढरं घालणारा माणूस, असं एकदा नाव पडलं की रान मिळत नाही. रान नाही तर चारा नाही, आणि चारा नाही तर कळप मोडायचा. शालननं सांगितलं, म्हाकूबा नातेपुत्याकडं जायचं म्हणतायत, तिकडं कुणी ओळखत नाही म्हणून. साठीच्या माणसाला ओळख नसलेला मुलूख शोधावा लागणार, आणि ते माझ्या एका वाक्यानं.

तेव्हा हे निस्तरणं मला भाग होतं. सरांना सांगून जानेवारीत तीन दिवसांची फेरतपासणी ठरवली. या वेळी मेंढ्या कुठल्याच तुकड्यात नाहीत. म्हाकूबांनी कळप ओढ्यापलीकडं, तीन किलोमीटरवर न्यायचा. तुषारचं पाणी पुन्हा सारखं द्यायचं. आणि कोऱ्या तुकड्याभोवती मी स्वतः संध्याकाळी चुन्याची फक्की टाकली, चार बोटं रुंद रेघ, चारी बाजूंनी. कोंबडीचं पाऊल पडलं तरी उमटेल अशी. मुक्काम तानाजीरावांकडं केला.

पहिल्या दिवशी सकाळी पावणेसातला मी आणि शालन खाली उतरलो. थंडी होती. गवतावर दहिवर पडलं होतं, सगळं रान पांढुरकं दिसत होतं. युरियाचा तुकडा पांढुरका, मेंढ्यांचा तुकडा पांढुरका. कोऱ्या तुकड्याशी आलो आणि शालन थांबली.

दहिवरात कोरड्या जागा होत्या. लांबट गोल. बहुतेक पावणेदोन हात लांब, हातभर रुंद, काही त्याहून लहान. एक नाही, दोन नाही – सगळा तुकडा भरून. काही एकमेकींना चिकटून, काही सुट्या. प्रत्येक जागेतलं गवत दबून आडवं झालेलं आणि साफ कोरडं, आणि दोन जागांच्या मधल्या बोटभर फटीत दहिवराचे थेंब जसेच्या तसे.

“ताई,” शालन हळूच म्हणाली, “आत्ताच उठून गेल्यावानी.”

मी तिला वेळ लिहायला सांगितली. सहा बावन्न. मग रेघेभोवती पूर्ण फेरी मारली. चुन्यावर दहिवर पडून पापुद्रा धरला होता, तो कुठंही तुटलेला नव्हता. आत एकही खूर उमटलेला नव्हता. एकही लेंडी नव्हती. फोटो काढले आणि रेघ ओलांडून आत गेले. मातीचा थर्मामीटर आधी मोकळ्या जागेत खुपसला, चौदा. मग एका कोरड्या जागेत. एकवीस. दुसऱ्या जागेत एकवीस, तिसऱ्या जागेत साडेएकवीस. थर्मामीटर बाजूला ठेवून तळवा टेकवला. माणूस नुकता उठून गेलेलं अंथरूण जसं लागतं, तशी ती माती लागली. त्याच वेळी नाकाशी ओल्या लोकरीचा वास आला... आणि गेला.

भीती वाटली का, असं पुढं मला शालननं विचारलं. नाही वाटली. पण मी पावलांचा आवाज न करता चालत होते, हे बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं. आणि ती मिनिटं सांगत होती तीही कुजबुजून.

मी आलेख-कागद काढला आणि सगळ्या जागा त्यावर उतरवल्या. मोजल्या – एकशे बारा. शिवाय ओढ्याकडच्या कोपऱ्यात दोन निराळ्या. एक लांब, सरळ, दक्षिणोत्तर. तिच्या पश्चिमेला लागून तशीच एक आखूड. लांब जागेजवळ मी ‘माणूस?’ लिहिलं आणि आखूड जागेजवळ ‘कुत्रा?’. मग चौकटींवर पेट्या बसवून नमुने घेतले. साडेआठला ऊन चढलं, सगळ्या रानातलं दहिवर गेलं आणि त्या जागाही गेल्या. उरलं ते नेहमीचं गवत.

दुपारी कागद घेऊन ओढ्यापलीकडं म्हाकूबांच्या तळावर गेले. काय बघितलं ते सांगितलं नाही. नुसता कागद पुढं ठेवला आणि म्हटलं, बघा जरा. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. त्यांनी कागद दोन्ही हातांनी धरला, उलटा केला, आडवा केला, पुन्हा सुलटा केला.

“वढा हिकडं हाय न्हवं?”

मी हो म्हटलं.

मग पेन्सिलीच्या एकेका गोलावर बोट ठेवायला लागले. “ही म्होरकी. उताराच्या तोंडाला बसती. ही लंगडी, कायम येगळी, कुनी अंगावर पडू न्हाय म्हनून. हितं मदी बारकी दिसत्यात ती कोकरं, उबंला घातल्याली.” थोडं थांबून म्हणाले, “पाच ईस आनि बारा भरत्याल.”

पाच विसा शंभर, आणि बारा. तो आकडा माझ्या वहीत होता, कागदावर नव्हता, आणि मी तो उच्चारला नव्हता.

“हा माज्या आईचा कळप हाय, बाई. माज्याकडं येवडी मेंढरं कदी झालीच न्हाईत.”

वडील लवकर गेले, आईनंच कळप राखला, असं त्यांनी सांगितलं. तानाजीरावांच्या आजोबांच्या वेळेपासून दर हिवाळ्यात ती याच उतारावर मेंढरं बसवायची. आई जाऊन तीस वर्षं झाली. तो कळप भावांत वाटला गेला, विकला गेला, त्यातलं एक मेंढरू आता कुठं नाही. हे सगळं त्यांनी चुलीत काटक्या सारत, चहा ठेवत सांगितलं. मग त्यांचं बोट ओढ्याच्या कोपऱ्यावर आलं.

“ही आई. वढ्याच्या कडंला निजायची. लांडगं तिकडनं यायचं.”

मी शेजारच्या आखूड खुणेबद्दल विचारलं, ते कुत्रं का?

“कुत्रं रातचं निजत आसतंय व्हय?” ते जरा हसले. “ते मी.”

मी पुन्हा कागदाकडं बघितलं.

“काल वारा उगवतीचा आसंल,” ते म्हणाले. “आई वाऱ्याच्या अंगाला निजायची आनि मला आडुशाला घ्यायची. रातीत वारा फिरला की झोपंतच उचलून ह्या अंगाचा त्या अंगाला करायची. मला सकाळी उठल्यावं कळायचं, वारा फिरला म्हनून.”

संध्याकाळी मी खांबावरची नोंद काढून बघितली. रात्रभर वारा पूर्वेचा होता.

त्या रात्री मी विचार करून बघितला. भुताच्या जेवढ्या गोष्टी ऐकल्यात त्यात मेलेला माणूस येतो. इथं ‘ते मी’ म्हणणारा माणूस जिवंत, मला चहा देणारा, माझ्या टपरीवरच्या बोलण्यानं दुखावलेला. मग त्या कोपऱ्यात झोपलं होतं ते काय?

दुसऱ्या दिवशी म्हाकूबा आले. तानाजीरावही आले, पण वेगळ्या हेतूनं. माझ्या रेघेला कुठं भगदाड आहे ते शोधायला. त्यांनी तुकड्याला दोन फेऱ्या मारल्या. दोन्ही वेळा खाली वाकून चुना बघितला. मग सरळ उभे राहिले आणि त्या कोरड्या जागांकडं बघत डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. त्या दिवशीही एकशे बाराच होत्या.

म्हाकूबांनी रेघेबाहेर वहाणा काढल्या, पण आत पाऊल टाकलं नाही. काठीवर दोन्ही हात ठेवून नुसते बघत राहिले. मी टेप घेऊन कोपऱ्यात गेले आणि मोठ्यानं मापं सांगितली, सवयीनं. लांब जागा, चार फूट अकरा इंच. आखूड, तीन फूट चार इंच. डोकी दक्षिणेला असावीत, तिकडं गवत जास्त दबलं होतं.

“येवडाच व्हतो,” ते म्हणाले.

मग मी पेट्या आणल्या, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मला माझ्या कामाबद्दल काही सांगितलं. म्हणाले, पेटी त्यांच्या अंगावर ठेवू नका. मी समजावलं की चौकटी महिन्याभरापूर्वी ठोकलेल्या आहेत, जागा बदलता येत नाही, आणि तीन नंबरची चौकट एका कोरड्या जागेच्या बरोबर मध्ये येते. त्यावर थोडा विचार करून ते म्हणाले, “बरं. मग हळू ठेवा.”

मी हळू ठेवली.

निघताना तानाजीराव खाकरले. म्हाकूबांकडं न बघता म्हणाले, “उन्हाळ्यात माजं वरचं रान तूच बसीव.”

“बगू की,” म्हाकूबा म्हणाले आणि वहाणा घालून ओढ्याकडं चालू लागले.

शालनला हसू आवरेना. “बगू की म्हणाला! येवड्या वर्सांत पैल्यांदा भाव खाल्ला बाबानं.”

तिसऱ्या दिवशी या, असं मी त्यांना आदल्या दुपारी सांगून ठेवलं होतं. ते नको म्हणाले. “झोपल्या मानसाला किती बगायचं, बाई?”

तेव्हा तिसऱ्या सकाळी आम्ही दोघीच. रेघ शाबूत. कोरड्या जागा होत्या. मोजल्या, एकशे बारा. म्होरकी उताराच्या तोंडाला, लंगडी वेगळी, कोकरं मध्ये. मी आता त्यांना ओळखायला लागले होते. मग कोपऱ्यात गेले.

आईची जागा तिथंच होती. तिच्या पश्चिमेला, जिथं दोन दिवस ती आखूड जागा होती, तिथं गवत दबलेलं होतं, पण त्यावर दहिवर होतं. पातळ. आजूबाजूच्या निम्मंही नाही. म्हणजे रात्री काही वेळ ती जागा झाकलेली होती, नंतर उघडी पडली आणि मग तिच्यावर दहिवर धरलं. आणि आईच्या पूर्वेला, जिथं आदल्या दोन्ही दिवशी काहीच नव्हतं, तिथं एक आखूड जागा. कोरडीठाक. टेप लावला. तीन फूट चार इंच.

मी धावत खांबाकडं गेले. एक्कावन्नाव्या वर्षी नांगरलेली जमीन सोडली तर कुठंही धावता येतं, हे त्या दिवशी कळलं. नोंद काढली. रात्री दोनपर्यंत वारा पूर्वेचा. दोन वाजून दहा मिनिटांच्या नोंदीत फिरलेला, आणि तिथून पहाटेपर्यंत पश्चिमेचा.

साठ वर्षांपूर्वीचा नव्हे, कालचा वारा. माझ्या खांबानं मोजलेला.

परत येऊन पेट्या बसवल्या आणि मी बांधावर बसले. खाली रान पसरलेलं, एकशे बारा जागांतून अगदी बारीक वाफ निघत होती, सूर्य अजून डाळिंबाच्या मागं होता. त्या क्षणी मला कसलंही उत्तर नको होतं. फक्त ऊन उशिरा चढावं असं वाटत होतं. शालन दोनदा म्हणाली, ताई, दहा झाली... ताई, दहा होऊन गेली. माझ्या सगळ्या नोकरीत वेळ चुकलेला नमुना तो एकच – पेटी क्रमांक तीन, दहावं मिनिट. वहीत त्या ओळीवर आडवी रेघ आहे.

प्रयोगशाळेचे आकडे पुन्हा तसेच आले. कोरा तुकडा मेंढ्या बसल्यासारखा वर, युरिया आणि मेंढ्यांचा रिकामा तुकडा आपापल्या जागी. सरांना फोटो दाखवले. फोटोत ओलं आणि कोरडं गवत दिसतं, बाकी काही दिसत नाही, हे मीही मान्य करते. त्यांनी जमिनीतले जुन्या खताचे कप्पे, बुरशीची वर्तुळं, उताराची ओल, सगळं सुचवलं. मी सगळं तपासलं होतं. शेवटी म्हणाले, अहवालात कारणांच्या यादीतलं ‘जनावरांचा शिरकाव’ लिहून टाका, त्यात कुणाचं नाव येत नाही.

नाव येत नाही, पण त्या गावात जनावरं म्हटलं की ती कुणाची ते शेंबडं पोरही सांगेल. मी नाही लिहिलं. मी लिहिलं, ‘जनावरे शिरलेली नाहीत. चुन्याची रेघ शाबूत. कारण अज्ञात.’ आणि सही केली. सर चिडले, पण सही माझी होती. कोरा तुकडा बाद झाला. सहा वर्षांचं काम गेलं, प्रयोग दुसऱ्या तालुक्यात हलवला. मला त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

जाण्याआधी मी त्या टपरीवर गेले. मुद्दाम गर्दीच्या वेळी. म्हाकूबा होते. मी सगळ्यांसमोर सांगितलं की यांनी कोऱ्यात मेंढ्या घातल्या नव्हत्या, मी न बघता बोलले, चूक माझी. एकानं विचारलं, मग कुणाची बसली व्हती? मी म्हटलं, मला सांगता येत नाही. म्हाकूबांनी बाकावर सरकून जागा केली आणि माझ्यापुढं चहाचा ग्लास सरकवला. नातेपुत्याला ते गेले नाहीत. तानाजीरावांचं वरचं रान त्यांनी त्या उन्हाळ्यात बसवलं, बाकीच्यांनीही पुन्हा बोलावलं.

गेल्या हिवाळ्यात मी स्वतःच्या रजेवर तिथं जाऊन आले. चार सकाळी बघितलं. दहिवर सगळीकडं सारखं. म्हाकूबांना सांगितलं, तर ते म्हणाले, कळप एका जागी ऱ्हातोय व्हय? चारा हाय तिकडं गेला आसंल.

मी अजूनही नवस करत नाही. ज्याला ताप आहे त्याला दवाखान्यातच पाठवते. पण ती वही मी कार्यालयात जमा केलेली नाही, ती घरी कपाटात आहे. तिसऱ्या दिवसाच्या पानावर नेहमीचे रकाने आहेत – वेळ, तापमान, वारा, निरीक्षण, कारण. वाऱ्याच्या रकान्यात लिहिलंय, ‘२.१० ला फिरला, पूर्वेचा पश्चिमेला’. निरीक्षणाच्या रकान्यात, माझ्याच अक्षरात, शाईनं, ‘मूल दुसऱ्या अंगाला घेतले’.

कारणाच्या रकान्यात दोन वर्षांत मला काही लिहिता आलेलं नाही.